मागची सीट

आम्ही सिडकोत राहायचो तेव्हा आमच्या शेजारच्या गृहस्थांचं प्रत्येक वाक्य ‘कसंय ना’ने सुरू व्हायचं. गल्लीत सगळ्यांत देखणी मोटारसायकल त्यांची. पाठ टेकायला दांडा असलेली लांब सीट त्यांनी मुद्दाम बनवून घेतली होती. रोज सकाळी ते ती पिवळ्या फडक्याने पुसत. इतक्या मायेने त्यांचा हात दुसऱ्या कशावरून फिरलेला मी पाहिला नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र पवननगरच्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत येत. एकदा मी बोललो, तर म्हणाले, “कसंय ना, डबलसीटने शॉकअप बसतात.”

सीट फाटली तेव्हा ती काढून, मांडीवर घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. त्रिमूर्ती चौकातल्या सीटवाल्याने पुढचा दबलेला फोम अंगठ्याने दाबून पाहिला, मग मागच्या भागावरून हात फिरवला.

“पुढची पार गेली, पण मागची कोरी हाय. मागं कोणी बसतच नाय का, साहेब?”

मला वाटलं, आता तरी ओशाळतील.

“कसंय ना,” ते म्हणाले, “मागची कापूनच टाका. तिथे डिकी बसवा.”

एकट्यापुरती नवी सीट बसली त्या संध्याकाळी वहिनी पिशव्या घेऊन आल्या आणि फाटकापाशी थांबल्या. मी उगाच विचारलं, “छान झाली ना?”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता कोणी विचारणार नाही, ‘वहिनी, तुम्ही चालत का येता?’ म्हणून.”