एकतीस सेंटिमीटर निळा

आमच्या गावात तळ्यावरचा बर्फ किती जाड झालाय, हे सात-आठ वर्षांची मुलं सांगायची आणि त्या भरवशावर मोठी माणसं बर्फावर ट्रॅक्टर घालायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आकडा सिल्वी हुस्कोनेनबाईंच्या वर्गातून आलेला असे, आणि बाईंच्या वर्गातला आकडा आजवर कुणी तपासला नव्हता.

बाई पहिली-दुसरीला शिकवत. दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, कारण शाळेला खोल्याच दोन. दुसऱ्या खोलीत तिसरी ते सहावी आणि हेडमास्तर यालमारी रिस्सानेन. सगळी मिळून मुलं एकोणीस. चौतीस वर्षांत बाईंनी गणिताच्या पुस्तकाला फारसा हात लावला नाही. सण म्हणजे देवानं अंकगणितासाठी केलेली सोय आहे, असं त्यांचं मत होतं. सप्टेंबरात बटाटे निघाले की वजनं. ख्रिसमसच्या आधी आल्याच्या बिस्किटांवर वजाबाकी. ती मुलांना फार लवकर यायची. ईस्टरच्या आधी थाळीत राय नावाचं धान्य पेरून रोज पट्टीनं कोंब मोजायचे आणि सरासरी काढायची. चर्चचे पाद्री एकदा म्हणाले होते की या वर्गात येशूचं पुनरुत्थान दशांश चिन्हासकट होतं. बाईंनी ते स्तुती म्हणून घेतलं.

पण बाईंचा खरा सण म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा लास्किआइनेन. चाळीस दिवसांच्या उपासाआधीचा मंगळवार. उपास आता कुणी करत नाही, आधीचं खाणं मात्र निष्ठेनं चालू आहे: वाटाण्याचं दाट सूप, त्यात मोहरीची चटणी, वर साय घातलेला गोड पाव. पावात बदामाचा लगदा की रासबेरीचा मुरंबा, या प्रश्नावर आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडता मोडता राहिली आहेत. त्या दिवशी मुलं घसरगाडीवर बसून टेकडीवरून थेट तळ्याच्या बर्फावर जातात आणि ‘लांब जवस!’ म्हणून ओरडतात. गाडी जितकी लांब जाईल तितकं जवसाचं रोप उंच होतं म्हणे. गावात साठ वर्षांत कुणी जवस पेरलेलं नाही. मुलं घसरायची आणि बाई अंतर मोजायला लावायच्या. आधी पावलांनी, मग मीटरनं.

शिवाय गरगरा. तळ्याच्या मध्याकडे बर्फात एक खांब गोठवून उभा करायचा, त्यावर लांब आडवं लाकूड फिरतं ठेवायचं, लाकडाच्या एका टोकाला घसरगाडी बांधायची आणि दुसऱ्या टोकाला दोन माणसांनी ढकलायचं. गाडीतलं पोर बर्फावरून असं भिरभिरतं की त्याचं नावही मागं राहतं. भोवती सगळं गाव सूप पीत उभं.

म्हणूनच डिसेंबरपासून दर सोमवारी बाईंचा वर्ग धक्क्याजवळ बर्फ मोजायला जायचा. गिरमिटाला दोन मुलं लटकायची, पांढरा भुगा वर यायचा, शेवटी पाणी उसळलं की सगळी ओरडायची, “पाणी!” मग खाली आकडी असलेली, मापाच्या खुणांची काठी भोकात सोडायची, आकडी बर्फाच्या तळाला अडकवायची आणि माप वाचायचं. वर्गात आल्यावर भिंतीवरच्या तक्त्यात तेवढ्या उंचीचा उभा पट्टा निळ्या खडूनं रंगवायचा. आकड्याची चिठ्ठी किराणा दुकानाच्या दारावर लागायची. गावात याहून जास्त वाचलं जाणारं काही प्रसिद्ध होत नव्हतं.

त्या वर्षी लास्किआइनेनला नगरपालिकेच्या शिक्षण समितीचे पाच जण येणार होते. सूप प्यायला म्हणून. एकोणीस मुलांची शाळा ठेवायची की मुलांना बसनं बावीस किलोमीटरवर पाठवायचं, हे समितीनं महिनाअखेर ठरवायचं होतं. यालमारींनी कार्यक्रम आखला होता आणि तो सगळाच्या सगळा बर्फावर होता.

“समितीला एकदा गरगऱ्यात बसवा,” पहिलीतल्या वीलियाचा बाप टेन्हो म्हणाला होता. “चक्कर आली की सही कुठं करतोय ते कळायचं नाही.”

सोमवारी तक्त्यावर एकतीस सेंटिमीटर रंगवले गेले. एकतीसवर मोटार जाते. दुकानाच्या दारावर एकतीस लागले आणि गाव निश्चिंत झालं.

त्याच दुपारी शाळेचे शिपाई टाउनो यांनी धक्क्याजवळून करवतीनं बर्फाचा एक ठोकळा कापून आणला आणि फाटकापाशी उभा केला. पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्यावर शाळेचं नाव कोरायचं होतं. बाईंनी त्याचाही पाठ केला. ज्याला जसा दिसेल तसा ठोकळा काढा आणि रंगवा.

मुलांनी काढले. दहा मिनिटांत बहुतेकांचे ठोकळे निळे झाले, दोघांचे गुलाबी. पहिलीतली वीलिया मात्र अजून फाटकाशीच होती, नाक ठोकळ्याला लावून. आत आली ती कागद पुढं करत.

“बाई, माझा पांढरा खडू संपला.”

“पांढरा कशाला लागला?”

“तो पांढराच आहे. मग मध्ये राखाडी आहे, ओलं. निळा फारसा लागलाच नाही, बाई. इथं खाली एवढाच.” आणि तिनं दोन बोटं दाखवली.

बाईंनी कागद पाहिला. मग कोट न घालता बाहेर गेल्या. आमच्याकडे कुणी कोट न घालता बाहेर गेलं की शेजारी खिडकीशी येतात.

ठोकळ्याच्या वरच्या भागात दाट, दुधाळ पांढरा बर्फ. मधल्या पट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. अगदी तळाशी काचेसारखा स्वच्छ, काळसर निळा, ज्याला आमच्याकडे पोलादी बर्फ म्हणतात, तो बाईंच्या पट्टीनं सहा सेंटिमीटर.

“टाउनो, हे कसं?”

“कसं काय? तळ्यानं बर्फ नीट धरायच्या आधीच हिम पडलं. ओझ्यानं बर्फ दबला, भेगांतून पाणी वर आलं, हिम भिजलं, ते गोठलं. परत पडलं, परत भिजलं. वरून वाढत गेलं, खालून नाही.” टाउनो करवत पुसत होते. “पांढऱ्याचा भरवसा निम्मा. आणि मध्ये पाणी राहिलं तर तेवढाही नाही. हे माझ्या आजोबाला पण ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही मोजता की. मला वाटलं, तुम्ही पोलादी तेवढाच मोजता.”

बाईंना वाटत आलं होतं की आकडा मोठा आला की मुलांना उभा पट्टा रंगवायला बरा. पांढरा आणि पोलादी त्या एकत्रच मोजत आल्या होत्या. सुरुवातीला पहिलीच्या मुलांना सोपं जावं म्हणून. पुढं त्यांच्याही ध्यानातून गेलं की हे सोपं केलेलं आहे.

दोघं गिरमिट घेऊन गरगऱ्यापर्यंत चालत गेले. वारा पडलेला. त्यांच्या मागं बुटांचे ठसे उमटत होते, आणि थोड्या वेळानं एकेक ठसा राखाडी होत होता. खालून एकदा लांब, खोल आवाज गेला, रिकाम्या पिंपावरून कुणी ओली दोरी ओढावी तसा. बर्फ असे आवाज करतोच. जाड बर्फही करतो. टाउनो तेच म्हणाले, आणि म्हणताना थांबले.

खांबाजवळ तळं अरुंद होत जातं आणि खालून प्रवाह जातो. तिथं त्यांनी करवतीनं लहान तुकडा कापला. पोलादी बर्फ चार सेंटिमीटर.

“चार एका माणसाला पण कमी,” टाउनो म्हणाले. “आपण दोघं आहोत, बाई. जरा लांब उभ्या राहा.”

यालमारी हेडमास्तर वर्गात पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कापत बसले होते.

“उद्या बर्फावर कुणी जाणार नाही,” बाई म्हणाल्या.

“सकाळी तर एकतीस होते.”

“चार आहेत.”

“सिल्वीबाई, चार तासांत एकतीसचे चार होत नाहीत.”

“होतात. मोजणारी चुकत असली की होतात.”

यालमारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी कात्री खाली ठेवली, खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. तळं नेहमीसारखंच पांढरं आणि सपाट होतं. “तुम्हाला कळतंय ना, बर्फावर गेलो नाही तर काय उरतं? बटाट्याचं शेत. समितीला आपण काय दाखवणार? की यांना स्वतःच्या दारातला बर्फ मोजता येत नाही?”

“हो. तेच खरं आहे.”

“पिढ्यान्‌पिढ्या मुलं जाताहेत त्या बर्फावर.”

“ऐंशी माणसं खांबाभोवती, सर. एका जागी. सुपाच्या काहिलीसकट. मुलं मध्ये.”

हेडमास्तरांनी कापलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या. मग म्हणाले, “दुकानात तुम्हीच सांगा. मी नाही जाणार.”

बाई गेल्या. दारावरची चिठ्ठी काढली आणि मागच्या बाजूला चार लिहून पुन्हा लावली. आतल्या लोकांना आधी वाटलं, मुलांनी तापमान लिहिलंय.

“बाई, शून्य राहिलं का पुढचं?” टेन्होनं विचारलं. दुकान हसलं.

“नाही,” बाई म्हणाल्या, “एकतीसमधले सत्तावीस चुकले.” आणि कसे चुकले ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं, सावकाश. कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मंगळवारी लख्ख ऊन पडलं. असल्या दिवशी ढग असते तर बाईंची थोडी अब्रू राहिली असती. शाळेमागच्या उतारावरून मुलं बटाट्याच्या शेतात घसरली. उतार आखूड, शेतात सऱ्या. गाडी नवव्या-दहाव्या मीटरवर नांगर टाकायची. त्या वर्षी जवस पेरलं असतं तर घोट्याएवढं आलं असतं. वीलियानं सगळ्यांची अंतरं लिहून घेतली आणि सरासरी समितीच्या अध्यक्षीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी ‘छान’ म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. खाली तळ्यावर गरगऱ्याचा खांब एकटा उभा होता. पाहुण्यांपैकी एकानं तो कशाचा म्हणून विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून बाईंनी दिलं.

संध्याकाळी उजेड असतानाच टेन्हो बर्फावरची मोटारसायकल घेऊन तळ्यावर उतरला. गरगऱ्याभोवती त्यानं तीन फेऱ्या मारल्या, उभं राहून, हात वर करून. सगळं गाव काठावरून बघत होतं. त्याची बायको त्याला नावं ठेवत होती. त्या नावांत लास्किआइनेनला शोभेल असं एकही नव्हतं. बर्फ हलला नाही. टेन्हो कोरडा परत आला.

महिनाअखेर समितीनं शाळा बंद करायचं ठरवलं. कारणांत मुलांची घटती संख्या होती आणि शेवटी एक ओळ: शाळेच्या परिसरातील जलाशय धोकादायक, पाहा परिशिष्ट तीन. परिशिष्ट तीन म्हणजे बाईंनीच दुरुस्त करून समितीला दिलेला तक्ता. वीलियानं त्यात पांढरा, राखाडी आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे भरले होते. समितीनं त्याची रंगीत प्रत काढली होती, ही त्यातल्या त्यात कदर.

“चार सेंटिमीटरवर तीनशे किलो गेले, बाई,” टेन्हो दुकानात म्हणाला. आता तो हसत नव्हता. “शाळा गेली. आणि बर्फ तर तिथंच आहे.”

“तू एकटा होतास. आणि थांबला नाहीस.”

“आम्ही सगळेच होतो की एके काळी! मी पहिलीत असताना आपला अख्खा वर्ग नव्हता त्या खांबापाशी? तुम्हीच नेलं होतं. आम्हाला कुठं काय झालं?”

बाईंनी हातातलं दूध फळीवर परत ठेवलं. “तेच बघायचंय,” असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि शाळेकडे गेल्या.

नकाशांच्या कपाटावर तक्त्यांच्या गुंडाळ्या होत्या, दर वर्षाची एक. यालमारींना त्या संध्याकाळी बाई वर्गाच्या जमिनीवर बसलेल्या दिसल्या. भोवती हिवाळेच हिवाळे पसरलेले, कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवून सरळ केलेले. टेन्होच्या पहिलीचं वर्ष त्यांच्या गुडघ्यापाशी होतं: लास्किआइनेनच्या आठवड्याला एकोणतीस सेंटिमीटर. खाली मुलांची नावं, सव्वीस.

“यातले पोलादी किती होते?” यालमारींनी विचारलं.

“कळायला मार्ग नाही.”

“आणि इतर वर्षी?”

बाईंनी हातानंच दाखवलं. तेहतीस तक्ते, आणि सगळे पट्टे वरपासून खालपर्यंत निळे. काही वर्षी हिम उशिरा पडलं असेल, काही वर्षी लवकर. कुठल्या मंगळवारी तीस मुलं सहा सेंटिमीटरवर ओरडत फिरली आणि कुठल्या मंगळवारी वीसवर, हे आता सांगू शकणारं त्या तळ्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. यालमारी दाराशी उभे राहिले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाई एकेक तक्ता जवळ ओढून निरखत होत्या. मुलांनी फार काळजीपूर्वक रंगवलं होतं. एकाही वर्षी रंग रेघेबाहेर गेला नव्हता.