खाऱ्या तळ्यातला गुलाबी जंतू

माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिण्यात चुका फार होतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी लिहिते.

सौंसरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. बोरगावहून बसने येते. तिथे पांढुर्ण्याची एक ताई संशोधन करायची. लोणारच्या खाऱ्या तळ्यातून तिने पाणी आणि चिखल आणला होता. मिठाशिवाय न जगणारे त्यातले जंतू ती झाकणाच्या लहान थाळ्यांत वाढवायची. त्यातला एक गुलाबी जंतू जगात कोणालाच माहीत नव्हता. तो किती मीठ सोसतो, कोणत्या कुळातला, ओळखीच्या जंतूंपासून कुठे वेगळा, हे सगळं पक्कं झालं की त्याला नाव मिळणार होतं.

"मावशी, याला नाव मिळालं की माझी पीएचडी झाली समजा," ती म्हणायची. मला स्वतःहून बोलणं जमत नाही. ती बोलायची, तेवढ्यानेच माझा दिवस चांगला जायचा.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मायक्रोस्कोपला हार, फ्रीजला हळदकुंकू. ताई घरी गेली होती. आदल्या दिवशी मोठे सर, म्हणजे विभागाचे हेड, पाहायला आले. थाळ्यांवर मिठाचे पांढरे पोपडे धरले होते, फ्रीजमधल्या नळ्यांवरही.

"काय घाण करून ठेवली वं बाई! देवी पाय ठेवंन का अशात? सारं धुऊन टाक."

"ताईचं आहे जी. फोन करून विचारता का?"

"आता हेडनं पोरीले विचारून झाडू मारायचा काय?"

त्यांच्यासोबत आलेला ऑफिसातला बाबू खो खो हसला. मी नळाखाली सगळं धुतलं. मोरीत गुलाबी पाणी गेलं.

ताई परतली आणि रिकाम्या फ्रीजसमोर उभी राहिली. सर म्हणाले, "मी फक्त टेबल पुसाले सांगतलं होतं. अडाणी बाई, हिले काय समजते?" बाबूनेही मान हलवली.

"कुत्र्याला रोज सांगितलं असतं तर तेही शिकलं असतं," ताई मला म्हणाली.

सामानाचा आणि पुन्हा लोणारला जायचा खर्च माझ्या पगारातून कापायचं ठरलं. सही सरांनीच केली.

फार दिवसांनी ताई मोरीपाशी एकटी सापडली. मी कसंबसं म्हटलं, "सरांनीच सांगतलं होतं जी."

"माहीत आहे मला," ती हात धूत म्हणाली. "त्यांची सही नसली तर मी संपले. तुमचं काय बाई, तुम्ही कुठेही भांडी घासाल."

नवा चिखल आला, नव्या थाळ्या भरल्या. त्या मीच धुऊन दिल्या होत्या. पुन्हा तोच जंतू निघाला की दुसरा, मला कोणी सांगितलं नाही. शेवटी एका जंतूला नाव मिळालं, सरांचंच. ताईने पेढे वाटले. माझ्यापर्यंत डबा आला तेव्हा तिने झाकण लावलं.

मी चहाचे कप विसळत होते. बाबूने पगाराचं पाकीट पुढे केलं.

"घे बाई, या महिन्यात कापलं नाही. तुझं सारं फिटलं."