वाफवलेलं संत्रं

पहाटे चारला उकळबाईचा दिवस सुरू व्हायचा. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती, आणि आपल्याआधी तिथे कुणी पोचलेलं तिला खपत नसे. ओल्या चादरींचा गठ्ठा हौदातून उपसायचा तर पाय रोवून, गुडघ्यांत वाकून, मांड्यांच्या जोरावर उचलावा लागतो. नवी बाई कमरेतून वाकली की ती म्हणे, "वाक हो, वाक. संध्याकाळी उठवायला नवऱ्याला हाक मार."

उकळबाई हे नाव मात्र घरच्या स्वयंपाकामुळे पडलं. माणसाच्या अंगातली सगळी घाण तिने चादरींवर पाहिलेली. त्यामुळे उकळी न आलेल्या वस्तूवर तिचा विश्वासच नव्हता. कोबी पांढरा पडेपर्यंत शिजे. ढोबळी मिरचीचा आधी रंग जाई, मग आकार. नवरा पेशाने रंगारी. तो ताटाकडे बघून म्हणे, "छान. भिंतीला पहिला हात द्यायला चालेल." आणि मुकाट्याने खाई.

एक दिवस शिडीवरच रंगाऱ्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलातून तो गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आला. तिथल्या डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या, पण खमक्या. निघताना त्यांनी उकळबाईला बजावलं.

"मावशी, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज ताजी फळं-भाज्या द्या. पेरू, संत्रं, ढोबळी मिरची. त्यांत क जीवनसत्त्व असतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती धड राहायला ते लागतं, आणि शरीर त्याचा फारसा साठा करत नाही."

"मग त्याचीही गोळीच द्या ना. एक घोट पाणी, काम संपलं."

"त्या गोळीने हृदयाला तसा फायदा दिसलेला नाही. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना मात्र हृदयाचा त्रास कमी होतो, असं दिसतं."

उकळबाईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यापुढे वाफवलेलं संत्रं आलं.

"हे काय गं?"

"तुमच्या आतल्या भिंतींसाठी. खा, जंतू मेलेत त्यातले."

"संत्रंही गेलंय त्यांच्यासोबत."

पुढच्या तपासणीला तिनेच मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, उष्णतेने ते जीवनसत्त्व बरंचसं नाहीसं होतं. उरलेलं पाण्यात उतरतं. भाजीचं पाणी तुम्ही कुठे ओतता?"

"मोरीत."

"म्हणजे आमच्या मोरीचं हृदय ठणठणीत," रंगारी म्हणाला.

उकळबाईने मन घट्ट केलं. पेरू नुसता चोळून चोळून धुतला आणि कच्च्या फोडी ताटात ठेवल्या. ताट रिकामं परत यायचं. तिला बरं वाटायचं.

मग एका रविवारी ब्रश धुवायचा डबा घासायला घेतला, तर तळाशी पेरूच्या वाळक्या फोडी.

"मरायचंय का तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "मी एकटी काय करू मागे? आयुष्यभर उकळून घातलं तर नावं ठेवलीत. आता कच्चं दिलं तर डब्यात टाकता?"

रंगाऱ्याने आ केला. पुढचे दात जागेवर होते. मागे दोन्ही बाजूंना नुसत्या हिरड्या. एकेक दाढ कधी गेली, घरात कुणी विचारलंच नव्हतं.

"चावू कशाने?" तो म्हणाला. "तुझा तो कोबी इतकी वर्षं निमूट खात आलो, तो काय चवीसाठी?"

उकळबाईने डबा खाली ठेवला. "मग बोलायचं होतं की."

"तू घरच्या धुण्याला मशीन घ्यायचं म्हणून पगारातून बाजूला टाकतेस. त्यात माझं तोंड कुठे मध्ये घालू?"

"सगळीकडे तर घालता," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसून उठली.

मशीन आलं नाही. दोन्ही बाजूंच्या दाढांची कवळी आली.