जर्मनसाहेबाचा हलता पत्रा

माझा कुणावरही विश्वास नाही, आणि यात माझा काहीही दोष नाही. फौजेतली सगळी नोकरी स्टोअरला गेली. तिथं खुणेचा मार्क नसलेलं घमेलं म्हणजे गेलेलं घमेलं.

आमच्या आष्ट्याच्या घरात सोप्याच्या भिंतीवर एक ॲल्युमिनियमचा पत्रा होता. वडील साखर कारखान्यात फिटर. मशिनरी बसवायला आलेल्या जर्मनसाहेबानं जाताना तो त्यांना दिला. त्यावर बारीक बारीक उभ्या रेघा ठोकलेल्या. समोरनं चालत गेलं की त्यात उजेडाच्या लाटा हलायच्या. (आमची चुलती त्याच्याकडं पाठ करूनच जेवायची. बघितलं की मळमळतं म्हणायची.)

गेल्या दिवाळीत मेव्हणा आला. संभाजी, साताऱ्याला चित्रकलेचा मास्तर. पत्र्याकडं बघता बघता त्याचा चहा गार झाला.

"दाजी, ही लय मोठी चीज हाय. महायुद्धानंतर जर्मनीत एक कलाकार झाला, असली नजरबंदीची कामं करायचा. त्याचंच वाटतंय. खरं निघालं तर वरचा मजला चढंल बघा."

वरचा मजला म्हटल्यावर बायकोनं भावाला आणखी दोन लाडू वाढले. मी मात्र सावध झालो. ज्या मेव्हण्यानं लग्नात माझे बूट लपवून अजून एकच परत दिलाय, त्याला माझ्या मजल्याची एवढी काळजी का?

पंधरवड्यात तो पुण्याच्या एका पारखी बाईंना घेऊन आला. बाईंनी आधी पांढरे हातमोजे चढवले.

"ठसे राहू नयेत म्हणून," मी बायकोच्या कानात म्हणालो.

बाईंनी बाजूनं बॅटरी मारली, डावीकडनं उजवीकडं चालल्या, मागची पेन्सिलची सही निरखली. "अस्सल वाटतंय," त्या म्हणाल्या. "आणि एक ओरखडा नाही, हे विशेष. पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी पुण्याला नेते. पावती देईन."

"आणि परत हाच येईल कशावरनं?"

"आवं, गप बसा की," बायको म्हणाली.

बाई हसल्या. मला ते हसणं पटलं नाही. पुण्यात असला दुसरा पत्रा ठोकायला कितीसा वेळ लागतोय?

दुसऱ्याच दिवशी मी पत्रा चादरीत गुंडाळला आणि भांड्यांचं दुकान गाठलं, जिथं मशीननं नाव घालून देतात.

"नाव घाल," मी म्हणालो. "कुणाच्या बापाला पुसता येऊ नये असं."

"मागं घालू?"

"मागं नको, पुढंच. आमच्या घरात लपवाछपवी चालत न्हाई. हणमंतराव."

"आहेराचं हाय व्हय? कुणी दिलं?"

"जर्मनसाहेबानं. तुला कशाला रं चौकशा?"

मेव्हण्याचा माणूस पाळतीवर असला तर, म्हणून मी रस्त्याकडं तोंड करून दारात उभा राहिलो. मागं मशीन बराच वेळ गुरगुरत होतं. आपलं नाव जरा लांबच आहे, एवढंच मनात आलं.

वळून बघतो तर पत्र्यावर मधोमध कोरलेलं : 'श्री. हणमंतराव यांस जर्मनसाहेबांकडून सप्रेम भेट.' खाली एक फूल. खोटं कशाला बोलू, मला आवडलं! (फुलाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. त्याचाही मला संशय आला.)

पुढच्या आठवड्यात बाई संभाजीबरोबर आल्या. हातमोजे घातले, बॅटरी मारली. लाटा हलल्या आणि त्यात माझं नावही हललं. फूलसुद्धा.

"आता बदलून दाखवा," मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी हातमोजे काढले आणि पर्समध्ये ठेवून दिले.

"आता कोण बदलणार?" त्या हळूच म्हणाल्या. "फुकट दिला तरी कुणी घेणार नाही."

संभाजी बहिणीकडं वळला. "अक्का, तुझा मजला गं," एवढंच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस खरा होता. बूट सोडला तर.

पत्रा पुन्हा भिंतीवर गेला. बायको किती तरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. वरचा मजला नसल्यानं गच्ची मोकळीच आहे. तिथं ती यंदा पापड वाळत घालते आणि राखणीला मला बसवते. कावळे येतात. त्यातला तो कठड्यावरचा एक मला पहिल्या दिवसापासनं बरोबर वाटत नाही.