बिनकॉलरची बालवाडी

टेलरमास्तरांना माणूस भेटला की ते आधी त्याच्या खांद्याची शिवण बघत आणि मग तोंड. शाळांचंही तेच. चौकातल्या मोठ्या शाळेचे गणवेश अकरा वर्षं त्यांच्याच दुकानात शिवले जात होते, त्यामुळे शिक्षणातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत होतं. ज्या शाळेची कॉलर ताठ, तिथली पोरं ताठ. हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी गिऱ्हाइकांना नाही तरी त्यांना स्वतःला ते पटलं.

लेक चार वर्षांची होती. दोऱ्याचं अख्खं शेडकार्ड तिला पाठ होतं, साडेतीनशे रंग, नंबरासकट. गिऱ्हाईक कापड घेऊन आत आलं की ती कापायच्या टेबलाखालून नुसता नंबर सांगे आणि मास्तर कपाटातून नेमकं तेच रीळ काढत. पण नावाने हाक मारली तर ती वर बघत नसे, आणि कुणी कौतुकाने उचलून घेतलं तर किंचाळून घर डोक्यावर घेई. आदल्या वर्षी एका बालवाडीने तिला तिसऱ्याच दिवशी परत पाठवलं होतं. त्यानंतर महिनाभर तिने एक शब्द काढला नव्हता. नंबरसुद्धा नाही. त्या महिन्यात मास्तरांनी तीन पँटी भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी स्वमग्न आहे, आणि विलक्षण हुशारही आहे. आता शाळा नीट बघून निवडा. पुन्हा तसंच झालं, तर ती परत कधी बोलती होईल ते मलाही सांगता येणार नाही."

मास्तरांनी नीट बघून निवडायचं ठरवलं. म्हणजे त्यांनी दुकानात टांगलेल्या गणवेशांकडे नीट बघितलं.

"मोठीच शाळा," त्यांनी जाहीर केलं.

बायको शेजारी काजं करत बसली होती. तिने मान वर केली नाही. "कशावरून?"

"अगं, कॉलर बघ की तिची."

"कॉलर शिकवणार आहे का पोरीला?"

"तुला नाही कळायचं." मास्तरांकडे उत्तर नसलं की बायकोला काही कळत नसे.

मुलाखतीला मुख्याध्यापिकाबाईंनी लाल कार्ड धरलं. "सांग बरं बाळा, हा कुठला रंग?"

"दोनशे चौदा," लेक खिडकीकडे बघत म्हणाली.

मग हिरवं कार्ड. "शहाऐंशी."

बाईंनी कागदावर फुली मारली. "रंग ओळखत नाही वाटतं अजून."

मास्तर ताडकन उठले आणि खिशातून शेडकार्ड काढलं. एरवी ते टेप विसरतील, कात्री विसरतील, पण लेकीची हुशारी दाखवायचं साधन विसरणं शक्य नव्हतं. मग काय, खेळच सुरू झाला. पडद्याचा नंबर, क्लार्कच्या टायचा नंबर, बाईंच्या पदराचा, बाईंच्या काठाचा. शिक्षक गोळा झाले, टाळ्या वाजल्या. लेक भिंतीला चिकटत गेली आणि तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले. मास्तरांनी ते पाहिलं, नाही असं नाही. पण त्यांच्या आयुष्यात टाळ्या पहिल्यांदाच वाजत होत्या.

"हिला आम्ही घेतोच," बाई म्हणाल्या. "स्नेहसंमेलनात स्टेजवर उभी करू. फक्त गणवेश पूर्ण हवा. गळ्यापर्यंत बटण आणि टाय. त्यात सवलत नाही. शनिवारपर्यंत प्रवेश पक्का करा."

"गणवेशाचं काय सांगता बाई! तो तर घरचाच!" मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या आठवड्यात त्यांनी जन्मातला सर्वांत सुंदर गणवेश शिवला आणि लेकीने तो जन्मातल्या सर्वांत कमी वेळात अंगातून काढून फेकला. मास्तरांनी लेबल उसवलं. फेकला. शिवणी दुमडून मऊ केल्या. फेकला. गळ्याशी बटण लावू गेले, तर लेकीने त्यांच्या अंगठ्याला चावा घेतला आणि टेबलाखाली जाऊन बसली. तिथून ना रडणं, ना नंबर. त्या शांततेने मास्तरांना गेल्या वर्षीचा तो महिना आठवला, आणि भ्यालेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. ते ओरडले. "अख्खी शाळा घालते! अकरा वर्षांत एकाची तक्रार नाही!"

"तक्रार करायला तोंड उघडायला हवं ना, एवढ्या कॉलरीत," बायको म्हणाली. "आधी तुम्ही घालून बघा."

मास्तर इरेला पेटले. वरच्या वर्गातल्या एका आडव्या मुलाचा शर्ट तयार होता, तो त्यांनी चढवला, गळ्याशी बटण लावलं, टाय आवळला आणि बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. विजय मिनिटभर टिकला. मग कॉलर ताठ राहावी म्हणून आत घातलेल्या बक्रमची, त्या कडक कापडाची, धार मानेला लागायला लागली. घाम फुटला. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी टाय ओढून काढला आणि बटण तुटून मशीनखाली गेलं.

बायको हसत होती. "लग्नातसुद्धा फोटोआधीच बटण काढलं होतंत. तुमच्या एका तरी शर्टाला वरचं बटण आहे का, बघा."

मास्तरांनी बघितलं. नव्हतं. चाळीशी उलटली तरी हा गृहस्थ गळा उघडा टाकून फिरत होता आणि दिवसभर बसून दुसऱ्यांच्या लेकरांचे गळे बंद करत होता. पोरगी कुणावर गेली, हे विचारायला ते डॉक्टरीणबाईंकडे गेले होते! मास्तर टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

दुकानामागच्या गल्लीत एक लहान बालवाडी होती. गणवेश नाही, टाय नाही, पोरं घरच्या कपड्यांत. मास्तर तिला वर्षानुवर्षं नावं ठेवत आले होते. शुक्रवारी सकाळी ते लेकीला घेऊन तिथल्या पायरीवर उभे राहिले, तेव्हा कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहून घेतलं.

तिथल्या बाई फरशीवर बसून ठोकळे पुसत होत्या. मास्तरांनी घाईघाईने खिशात हात घातला. "हिला काय काय येतं, ते दाखवतो."

"ते कळेल हळूहळू," बाई म्हणाल्या. "तिला काय नको असतं, ते सांगा."

असं कुणी विचारलंच नव्हतं. मास्तर बोलायला लागले. टाळ्या नको. उचलून घेणं नको. मिक्सरचा आवाज नको. गळ्याशी काही नको. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सगळं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं.

लेक तोवर तिथल्या टेबलाखाली गेली होती. बाईंनी तिला बाहेर बोलावलं नाही. तिच्याजवळ चार ठोकळे सरकवून ठेवले आणि पुसायचं काम पुढे चालू केलं. बऱ्याच वेळाने टेबलाखालून आवाज आला. "एकशे नऊ."

"हो का? मला हा पिवळाच वाटत होता," बाई म्हणाल्या.

शनिवारी मास्तरांनी मोठ्या शाळेत जाऊन नकार कळवला. "गणवेश मात्र आम्हीच शिवणार हं," हे सांगायला ते विसरले नाहीत. लाज आपल्या जागी, धंदा आपल्या जागी.

सोमवारी पहिला दिवस. मास्तर दिवसभर खिडकीबाहेर उभं राहायच्या तयारीनेच आले होते. लेकीने चपला काढल्या, भिंतीला समांतर लावल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि मग मास्तरांच्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तू जा. साडेअकराला ये. एकोणतीसला नको."

चार वर्षांत तिने मास्तरांना कधी 'ये' म्हटलं नव्हतं.

मास्तर दुकानात परतले. सुईत दोरा ओवेना, कापड सरळ कापलं जाईना. गिऱ्हाइकांना 'परवा या' सांगण्यात ज्याची हयात गेली, एक कपडा ज्याने बोलल्या दिवशी दिला नाही, तो माणूस अकरा वाजून एकवीस मिनिटांनी बालवाडीच्या फाटकाशी हजर होता.

"मास्तर, उन्हात का उभे? आत जा की," समोरच्या दुकानातली बाई म्हणाली.

"अजून नऊ मिनिटं आहेत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.