घड्याळ काढून ठेवणारा माणूस

मास्तर कुणावर हात उगारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढायचा. पट्ट्याचं बक्कल सोडायचा, काच वर करून घड्याळ मऊ फडक्यावर ठेवायचा आणि मगच समोरच्याच्या कानाखाली आवाज काढायचा. हे सगळं इतकं सावकाश चालायचं की नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला घड्याळ दाखवतोय. जुनी माणसं मात्र बक्कल सुटलं की दुकानाच्या पायऱ्या उतरायची.

कारण धंद्यातलंच होतं. चावीच्या घड्याळाच्या पोटात एक चाक सतत मागेपुढे डोलत असतं आणि त्याचा आस केसाएवढा बारीक असतो. दणका बसला की आस मोडतो आणि घड्याळ मरतं. मास्तरनं जन्मभर लोकांचे मोडलेले आस बदलले. घड्याळ हातात ठेवून कुणी हातोडा चालवला असेल, तर मास्तर त्याला आधी मूर्खात काढायचा आणि मग दुरुस्तीला घ्यायचा. त्याचं स्वतःचं घड्याळ त्यानं तीन मेलेल्या घड्याळांतून जुळवलं होतं आणि तीस वर्षांत त्याला एक ओरखडा येऊ दिला नव्हता. तेवढी काळजी घरातल्या माणसांची घेतली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

मी शेजारच्या गाळ्यात किल्ल्या बनवतो. आमच्या मध्ये एका विटेची भिंत, आणि त्याचं घर दुकानावर, म्हणजे अर्धं माझ्याही डोक्यावर. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो. त्याचे दंड बघून सगळेच करायचे. कागदावर तो माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून इथं अरेतुरे करतो.

एकदा एका गिऱ्हाइकानं घड्याळाचं झाकण घरी सुरीनं उघडायचा पराक्रम केला होता. मास्तरनं डोळ्याला भिंग लावून ओरखडे बघितले. मग भिंग काढलं, मग घड्याळ काढलं. गिऱ्हाइकाचा ओठ फाटला आणि एक दात काउंटरवर पडला. मास्तरनं तो दात चिमट्यानं उचलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, हा मात्र मला बसवता येत नाही. गल्ली आठवडाभर हसली. मीही हसलो, उगाच खोटं का बोला.

वहिनींच्या बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं. वहिनी म्हणजे त्याची बायको. एका रविवारी तो वरच्या खोलीत एक बारीक घड्याळ खोलून बसला होता आणि वहिनींनी केर काढला. एक स्क्रू सापडेना. तो स्क्रू मोहरीच्या दाण्याच्याही पावपट. मास्तर लोहचुंबक घेऊन दोन तास गुडघ्यांवर रांगला, केराची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली, प्रत्येक कपटा उलटून बघितला. मग त्यानं बक्कल सोडलं. त्या दिवशी वहिनींचा डावा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. स्क्रू चार दिवसांनी सापडला, मास्तरच्याच पँटच्या मुडपलेल्या काठात.

मला ते सगळं ऐकू आलं होतं. नेहमीच यायचं. ऐकू यायला लागलं की मी किल्ल्या घासायचं मशीन चालू करायचो. काम नसलं तरी एखादी कोरी पट्टी घालून घासत बसायचो. मशीनच्या किंकाळीपुढं दुसरं काही ऐकू येत नाही. आपण बरं की आपलं काम बरं, असं म्हणणारी माणसं बहुधा भित्री असतात. मी त्यातलाच.

हात मोडल्यावर दहा दिवसांनी त्यांची मुलगी आली. ती दुसऱ्या गावात हॉस्पिटलात नोकरी करते. तिनं तीन पिशव्या भरल्या, आईला खाली आणलं आणि गाडीत बसवलं. मास्तर दारात उभा राहिला. मुलगी त्याला म्हणाली की आज घड्याळ काढलंत तर मी सरळ पोलिसात जाईन. त्यानं काढलं नाही. गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा होता, आणि नंतर आत जाऊन त्यानं डोकं कपाटावर इतक्या वेळा आपटलं की भिंतीच्या माझ्या बाजूचा आरसा खाली आला.

त्यानंतरचं दीड वर्ष तो माणसातून उठला. दाढी वाढवली, जेवण भावाच्या घरून डब्यात यायचं. हा धाकटा भाऊ दुकानात भागीदार. डावीकडं मास्तरची दुरुस्ती, उजवीकडं धाकट्याची विक्री. धाकटा स्मार्टवॉच विकायचा आणि दोघांचं रोज वाजायचं. धाकटा म्हणायचा की दादा, तुझी चावीची घड्याळं दहा वर्षांत नुसती फोटोत दिसतील. लोकांना वेळ नकोच आहे, ती फोनवरही दिसते. त्यांना आपण किती चाललो, किती झोपलो, नाडी किती, हे सांगणारं कुणीतरी हवंय. मास्तर म्हणायचा की तुझं खेळणं तीन वर्षांत कचऱ्यात जातं आणि माझ्याकडं आजोबांचं घड्याळ घेऊन नातू येतो. मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघेही माझ्यावर चिडायचे.

मग एका सकाळी मास्तर मोरीपाशी चक्कर येऊन पडला. दुपारी डबा घेऊन धाकटा वर गेला, तोवर तो तसाच पडून होता. हृदय कमजोर झालंय, असं निघालं. मुलगी आली, चार दिवस राहिली आणि जाताना धाकट्याच्याच काउंटरमधून एक स्मार्टवॉच घेऊन बापाच्या मनगटावर बांधून गेली. आंघोळ सोडून काढायचं नाही, तेवढ्यात चार्ज करायचं. तुम्ही जोरात पडलात आणि मिनिटभर उत्तर दिलं नाही तर हे आपोआप आमच्या घरच्या फोनवर फोन लावेल, असं तिनं त्याला दोनदा समजावलं.

जाताना तिनं आईचा निरोपही सांगितला. सहा महिने कुणावर हात उचलला नाही, तर आई परत येईल. कुणावर म्हणजे कुणावरही.

मास्तर त्या संध्याकाळी माझ्या गाळ्यात येऊन बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, “ती येते म्हणालीय.” आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला. मला त्याची कीव आली. आजही येते, आणि त्या किवेचाच मला राग येतो.

ते सहा महिने मी डोळ्यांनी बघितलेत. राग आला की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. एकानं त्याला ‘भंगारवाले’ म्हटलं, तर तो उठून मागच्या बाजूला गेला आणि लोखंडी शटरला लाथा घालत राहिला. अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, पण माणूस शाबूत राहिला. मनगटावरचं काळं चौकोनी यंत्र तो बाहीखाली लपवायचा. मी एकदा विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, “याला काय वाटायचंय. ना आस, ना चाक. भिंतीवर आपटलं तरी याचं काही मोडत नाही.” त्याच्या लेखी ते घड्याळच नव्हतं. त्याचं खरं घड्याळ खणात फडक्यावर ठेवलेलं होतं आणि तो रोज सकाळी त्याला चावी द्यायचा.

पाच महिने आणि वीस दिवस झाले. वरच्या खोल्यांना त्यानं रंग काढला होता. वहिनींना खालून पाण्याची बादली उचलून न्यावी लागायची, म्हणून नळ वर घेतला होता. दाढी तर कधीच गेली होती.

त्या सोमवारी तो डॉक्टरकडं गेला असताना धाकट्यानं दुकानाची मांडणी बदलली. भिंतीला मास्तरचं साठ खणांचं लाकडी कपाट होतं. त्यात मेलेली घड्याळं, सुटे आस, चाकं, काटे, चाळीस वर्षं जमवलेले. ज्या कंपन्यांनी ते भाग बनवले त्या आता उरलेल्या नाहीत, म्हणजे ते कपाट हाच मास्तरचा धंदा. धाकट्याला त्या जागी दिव्यांचं नवं शोकेस हवं होतं. भंगारवाल्यानं खण उपडे करून सगळा माल एका गोणीत भरला, वजन केलं आणि नेला. धाकट्याला खरंच वाटत होतं की कचरा गेला. दादा आठ दिवस तोंड फुगवेल आणि गप्प बसेल, असं तो मला म्हणाला. गेले पाच महिने दादा गप्प बसत होता, त्यामुळं त्याचा अंदाज चुकला.

मास्तर आला तेव्हा मी माझ्या बाकड्यावर होतो. आधी काहीच आवाज नाही. मग त्यानं विचारलं, कुठं गेलं. धाकट्यानं सांगितलं. मी बक्कल सुटण्याची वाट बघत होतो, कारण तेवढ्या वेळात धाकटा बाहेर पळू शकला असता. धाकटाही त्याच्या मनगटाकडंच बघत असणार. पण बक्कल सुटलंच नाही. मास्तरला हातातलं काढायची गरजच वाटली नाही.

पहिल्याच दणक्याला शोकेसची काच फुटल्याचा आवाज आला. डाव्या हातानं गचांडी धरायची आणि उजव्यानं हाणायचं, ही त्याची रीत. धाकटा ओरडला, मग त्याचं ओरडणं तुटक झालं. माझा हात आपोआप बटणावर गेला आणि मी मशीन चालू केलं. पट्टी घातली, घासली. पितळेची पूड बोटांवर उडत होती. भिंत हादरली, दोन अंगं एकदम जमिनीवर आदळल्यासारखी. मी मशीन बंद केलं. भिंतीपलीकडं आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ती शांतता मला सहन झाली नाही. मी उठून गेलो.

शोकेस आडवं झालं होतं आणि काचांमध्ये धाकटा उताणा पडला होता. भुवई फाटून एक डोळा रक्तानं भरला होता. मास्तर त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता, डावा पंजा गळ्यावर गच्च. तो मारत नव्हता, हलतही नव्हता, नुसता दाबत होता. धाकट्याचे पाय काचांवर घासत होते. मी मास्तरच्या खांद्याला धरून ओढलं, तर त्यानं बघितलंसुद्धा नाही. मनगटावरचा पडदा पेटला होता, थरथरत होता, काहीतरी विचारत होता. त्याकडंही त्याचं लक्ष नव्हतं.

आणि मग त्या मनगटातून वहिनींचा आवाज आला.

“अहो? पडलात का? कुठं लागलं? बोला ना.”

मास्तरचा पंजा सुटला. धाकटा कुशीवर वळून खोकला, रक्त थुंकला. वहिनी पुन्हा पुन्हा हाक मारत होत्या. आवाजात नुसती काळजी होती, जीव कासावीस झालेली. मास्तरनं हात स्वतःपासून लांब धरला, विंचू चढल्यासारखा.

धाकटाच बोलला. फुटक्या ओठांनी, पण बोलला.

“वहिनी, काळजी करू नका. दादा घसरून पडलाय. मी आहे इथं.”

धाकट्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तो पलीकडं वहिनींना ऐकू जात असणार. मग त्यांनी विचारलं की तिथं आणखी कोण आहे. मी म्हणालो, मी आहे वहिनी, किल्लीवाला.

“भाऊजी, तुम्ही सांगा. हे पडले का?”

मास्तर माझ्याकडं बघत होता. एवढा आडदांड माणूस, पण त्या वेळी त्याचे डोळे भीक मागत होते. धाकट्यानंही रक्तानं भरलेल्या डोळ्यानं खूण केली, हो म्हण. घरात बाई परत येईल, संसार उभा राहील, माझ्या एका ‘हो’नं काय बिघडतंय. चावीचं घड्याळ असतं तर मला कुणी विचारलंही नसतं. ते कुणाच्या हातावर आहे आणि तो हात काय करतोय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्या क्षणी मलाही तसलंच घड्याळ हवं होतं.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “पडले नाहीत.”

वहिनी अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “मीही डॉक्टरला हेच सांगायचे, भाऊजी. पडले म्हणून. दर वेळी.”

त्यांनी विचारलं की धाकटे भाऊजी शुद्धीवर आहेत का. आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, त्यांना आधी दवाखान्यात न्या.

“आणि यांना सांगा,” वहिनी म्हणाल्या, “हातातलं काढू नका. खरंच पडले तर कळायला हवं. मी मात्र येत नाही.”

मास्तर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि फोन त्याच्याच मनगटात होता. मला वेगळं सांगावं लागलं नाही.