माझ्या गादीवरचं पिल्लू

काल दुपारी शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये मांजराचं पिल्लू अडकलं. आमच्या ताईंनी तासभर खटपट करून ते सोडवलं आणि थेट माझ्या गादीवर आणून ठेवलं. मी भुंकलो.

"बंड्या, गप! घाबरलंय ते," ताई म्हणाल्या.

घाबरलो तर मीही होतो, पण घरच्या कुत्र्याला कोण विचारतो? माणसं प्राण्यांना वाचवतात हे चांगलंच आहे. फक्त गादी त्यांनी स्वतःची द्यावी, असं माझं मत आहे. जमिनीवर पडून मी हे मत पक्कं करत होतो, तेवढ्यात ते ग्रीसने माखलेलं पिल्लू धडपडत आलं आणि माझ्या पोटाला चिकटून झोपलं.

ताईंनी जेवायला हाक मारली. दोनदा मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मी उठलो नाही.